चिठ्ठीवरची पहिली ओळ

नवऱ्याने ती गाडी आणून दारात उभी केली तेव्हा पंधरा दिवस मी तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. नवऱ्याकडे बघत होते, कारण भांडायला समोर कुणीतरी लागतं. बावीस हजार दिरहॅम, म्हणजे तेव्हाचे अडीच लाखांच्या वर रुपये, आणि आणलं काय, तर दोन दारांची, लालभडक, आठ सिलिंडरची जुनी अमेरिकन गाडी. बॉनेट एवढं लांब की माझा स्वयंपाकघराचा ओटा त्यावर मावला असता. सुरू केली की शेजारच्या व्हिलाचा वॉचमन बाहेर येऊन बघायचा. ऑफिसला जायला आमची शहाणीसुरती जपानी गाडी होतीच. मग ही कशाला? तर म्हणे शुक्रवारी पळवायला.

"अरे, वय काय तुझं? अठ्ठेचाळीस!"

"म्हणूनच. अठराव्या वर्षी माझ्याकडे सायकल होती."

हो, मी नवऱ्याला अरे-तुरे करते. पुण्यात एका वर्गात शिकलो, तेव्हाची सवय. सासूबाईंनी पहिली दोन वर्षं नाक मुरडलं, मग त्यांनीच नाद सोडला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. आधी आम्ही दुबईत राहायचो, तिथल्या ऊद मेथा भागात मी एका शाळेत गणित शिकवायचे. मग नवऱ्याला अबुधाबीत, तेलाच्या विहिरींवर कामं घेणाऱ्या एका कंपनीत मेंटेनन्स इंजिनीअरची नोकरी लागली आणि आम्ही खलिफा सिटीत एका व्हिलाच्या अर्ध्या भागात भाड्याने राहायला आलो. माझी शाळा सुटली, घरी ट्यूशन्स सुरू झाल्या. एकच मुलगी, तेव्हा दहावीत. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. गाडी बघून ती एवढंच म्हणाली, "पप्पा, सो एम्बॅरसिंग," आणि दुसऱ्याच दिवशी मैत्रिणींना घेऊन आली फोटो काढायला.

शहरापासून दोन तासांवर वाळवंटात एक सरळ डांबरी पट्टी होती. हिवाळ्यात दर शुक्रवारी दुपारी तिथे गाड्या जमायच्या. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, समोर दिव्यांचा खांब. पिवळे दिवे वरून खाली लागत येतात, मग हिरवा, की सुटायचं. पाव मैल, म्हणजे चारशे मीटर. चौदा-पंधरा सेकंदांत खेळ खलास. परत येताना एका खिडकीतून चिठ्ठी मिळायची, बसच्या तिकिटासारख्या कागदावर आकडे छापलेली.

बहुतेक पोरं गाड्यांमध्ये काय काय भरून आणायची. कुणी वेग वाढवणाऱ्या गॅसची बाटली बसवलेली, कुणी अख्खं इंजिन बदललेलं. माझ्या नवऱ्याला त्यातलं काही नको होतं. कंपनीने जशी बनवली तशी, एक नटसुद्धा न बदललेली, अशा गाड्यांचा तिथे एक वेगळा वर्ग होता. पाच-सात जण असायचे, सगळे चाळिशी ओलांडलेले. आमच्या गाडीला लागून गाडी लावणारे एक इमिराती गृहस्थ असायचे, पोलिसातून निवृत्त झालेले, पोट सुटलेले, बोलायला गोड. गाडीच्या डिकीतून गाहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, थर्मास आणि खजुराचा डबा निघायचा, आणि हिंदी मोडकी पण बेधडक बोलायचे. नवऱ्याला ते 'मुहंदिस' म्हणायचे, म्हणजे इंजिनीअर.

"मुहंदिस, एक बाटली लगा दो, उडेगा गाडी!"

"नाही हो," नवरा मराठीतच सुरू करायचा आणि मग हिंदीत यायचा, "फिर नापने में क्या मजा? कुछ बदल दिया, तो किससे कंपेअर करूँ?"

इथे मी फसले. कारण हे वाक्य गणिताच्या बाईला पटणारंच होतं. गाडी तीच, पट्टी तीच, अंतर तेच. मग आज चौदा पूर्णांक तीन आणि मागच्या शुक्रवारी चौदा पूर्णांक सहा का? हवा गरम होती म्हणून? टाकी भरलेली होती म्हणून? मी एक दोनशे पानी वही काढली. तारीख, तापमान, वारा, पेट्रोल, टायरमधली हवा, आणि वेळ. महिन्याभरात आमच्या लक्षात आलं की हवा दहा डिग्रीने तापली की आमची गाडी दोन दशांश सेकंद मागे पडते. नवरा माझ्याकडे असं बघायला लागला की लग्नाच्या वेळीही बघितलं नव्हतं. मी भांडण विसरले. खोटं कशाला बोलू, मला मजा यायला लागली. शुक्रवारी सकाळी दडपे पोहे डब्यात भरून मीच त्याच्या आधी तयार असायचे.

आता त्या चिठ्ठीचं थोडं समजून घ्या. सगळ्यात वर, पहिल्या ओळीत, दिव्याने इशारा दिल्यावर माणसाने गाडी हलवायला किती वेळ घेतला ते. त्याखालच्या सगळ्या ओळी गाडीच्या. गाडीचं घड्याळ गाडी जागची हलली की सुरू होतं. माणूस दिव्याखाली झोप काढून निघाला तरी गाडीचा आकडा बिघडत नाही. शर्यत मात्र दोन्हींची बेरीज होऊन हरतात किंवा जिंकतात. नीट लक्षात ठेवा, कारण मी ठेवलं नाही.

वहीत मी पहिली ओळ कधीच उतरवली नाही. ती माणसाची होती, आणि आम्ही मोजत होतो गाडी. त्या वर्गातल्या सगळ्यांचाच हा खाक्या होता. 'आज गाडी कितीत गेली?' एवढंच एकमेकांना विचारायचे. पहिल्या ओळीकडे बघणं म्हणजे पोरकटपणा, ते पैज लावणाऱ्या पोरांचं काम. गाडीचा आकडा उतरवून झाला की मी चिठ्ठी बिस्किटांच्या डब्यात टाकून द्यायचे.

दुसऱ्या हिवाळ्यात आम्ही हरायला लागलो. गाडीचा आकडा आमचा चांगला, आणि शर्यत जिंकणार थर्मासवाले काका. एकदा, दोनदा, मग दर वेळी. नवरा म्हणायचा, खांबावरचे दिवे नीट दिसत नाहीत, ऊन समोरून येतं. मीही तेच म्हणायचे. बायकोने म्हणायचं असतं.

एप्रिलमध्ये हंगाम संपला. मुलीची अकरावीची परीक्षा झाली होती, ट्यूशनला सुट्टी होती, मला काही काम नव्हतं. म्हटलं, गाडी वेगात आणि शर्यत हातातून जाते हे गणित बसत नाही, एकदा बसवूनच टाकू. डबा उपडा केला. दोन हिवाळ्यांच्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर तारखेप्रमाणे लावल्या आणि पहिल्यांदा पहिली ओळ वाचत गेले. पहिल्या हिवाळ्यात सहासष्ट शतांश, सत्तर शतांश, चौसष्ट. छान. मग ऐंशी. दुसरा हिवाळा सुरू होताना नव्वद. मग एक सेकंद. शेवटच्या शुक्रवारी एक पूर्णांक एकवीस. गाडीचा आकडा दोन वर्षांत जिथल्या तिथे, आणि हा आकडा जिना चढावा तसा चढत गेलेला.

वय होतंय, असं मी स्वतःला सांगून बघितलं. पण वय असं वर्षभरात दुप्पट होत नाही हो. आणि तेवढ्यात त्याच डब्यातले फोटो हातात आले. पट्टीवर प्रत्येक गाडीला नंबर देतात, तो पांढऱ्या शू पॉलिशने समोरच्या काचेवर लिहायचा असतो. नवरा आपला आपण लिहायचा. पहिल्या फोटोत आकडे वीतभर उंच होते. मधल्या फोटोत चार बोटं. शेवटच्या फोटोत आकडे काचेच्या कोपऱ्यात असे बारीक बसलेले, की मी तेव्हा हसून म्हटलंही होतं, "अरे, मुंग्यांसाठी लिहितोयस का?"

हे मी आधी बघितलेलं होतं. आम्ही पुण्यात होतो तेव्हा माझ्या सासऱ्यांची सही अशीच बारीक होत गेली होती. पेन्शनच्या फॉर्मवर सही जुळत नाही म्हणून बँकेने दोनदा परत पाठवलं, आम्ही बँकेला शिव्या घातल्या, आणि वर्षभराने डॉक्टरांनी सांगितलं, कंपवात. पुढची सहा वर्षं मी त्यांच्या शर्टाची बटणं लावली आहेत. हा आजार दारातून आत कसा येतो ते मला माहीत होतं. नवऱ्याचा हात थरथरत नव्हता, हा एक आधार मी धरून ठेवला. सासऱ्यांचाही सुरुवातीला थरथरत नव्हता, हे मी मुद्दाम आठवलं नाही.

त्याच संध्याकाळी मी सांगायला हवं होतं. तो बाहेर नळी घेऊन गाडी धूत होता, आणि मी दारात उभी राहून त्याला हाक मारायला तोंड उघडलंही. पण मुलगी बारावीत जाणार होती.

गल्फमधल्या आमच्यासारख्या घरांत बारावी म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. त्या वर्षात कुणी आजारी पडायचं नाही, कुणी मरायचं नाही. आमच्या ओळखीतल्या एका घरी भारतात आजोबा गेल्याची बातमी मुलाला शेवटच्या पेपरनंतर, तब्बल एकोणीस दिवसांनी सांगितली होती. बाप एकटा जाऊन दिवस करून आला, मुलाला सांगितलं ऑफिसची टूर आहे. आणि आम्ही सगळ्या बायकांनी त्या आईचं कौतुक केलं होतं. मीही केलं होतं. 'कमाल आहे हो तुमची,' म्हणाले होते.

शिवाय मला माझा नवरा माहीत होता. त्याला कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठला त्याने कंपनीला सांगितलं असतं. साइटवर वाळवंटात गाडी चालवायचा परवाना गेला असता, त्याच्यामागे नोकरी, नोकरीमागे व्हिसा, आणि व्हिसा गेला की महिन्याभरात बिऱ्हाड गुंडाळून पुण्याला. मुलीला मधेच कुठल्या शाळेने घेतलं असतं? मी सगळा विचार केला. मार्च काढू, मग सांगू. मार्चपर्यंत. मी चिठ्ठ्या परत डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर टाकला.

त्या उन्हाळ्यात आम्ही भारतात गेलो नाही, मुलीचे व्हेकेशन क्लास होते. गेलो असतो तर कुणीतरी त्याला बघताक्षणी आजार ओळखला असता, म्हणून मला बरंच वाटलं. चालताना त्याचा डावा हात हलेनासा झाला होता. चष्मा डब्यात ठेवायला दोन मिनिटं लागायची. मी बघायचे आणि दुसरीकडे बघायचे.

आणि रोज सकाळी पावणेसातला तो मुलीला घेऊन निघायचा. शाळा अबुधाबी शहरात, तिला सोडून पुढे ऑफिस. मधे तीस किलोमीटरचा हायवे, जिथे सगळे एकशेवीसने जातात आणि मागून लाइट मारत एकशेसाठवाले येतात. ती पुढे त्याच्या शेजारी बसायची, मांडीवर पुस्तक, कानात वायरी. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की मी फोनपाशी येऊन बसायचे. ऑफिसात पोचला की तो घरच्या फोनवर एक रिंग द्यायचा. ती रिंग येईपर्यंत मी चहासुद्धा गाळायचे नाही.

गप्प बसले नव्हते, असं मला म्हणता यावं म्हणून मी एकदा बोलले. ऑगस्टच्या शेवटी, सुट्टीनंतर शाळा पुन्हा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी. "या वर्षी मी सोडत जाऊ का तिला? तुला उगीच वळसा."

नवरा हसला. "तू? सकाळच्या ट्रॅफिकमध्ये?" मला लायसन्स सहाव्या टेस्टला मिळालेलं, घरात तो कायमचा विनोद होता.

"मम्मा, प्लीज," मुलगी म्हणाली, "आय वाँट टू रीच बिफोर लंच."

दोघं हसले. मीही हसले आणि डबे भरायला आत गेले. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. हट्ट धरला असता तर कारण द्यावं लागलं असतं.

सप्टेंबरमध्ये एक दिवस मुलगी शाळेतून आली आणि दप्तर टाकता टाकता म्हणाली, "पप्पा ऑलमोस्ट हिट अ बस टुडे. अ‍ॅट द राउंडअबाउट. ही जस्ट डिडन्ट ब्रेक! इट वॉज सो फनी, द ड्रायव्हर्स फेस!"

मी तिला फाडकन बोलले. हसतेस काय, अक्कल आहे का, कुणाचा जीव गेला असता तर? ती रडत खोलीत गेली, दार आपटलं. मी ओट्याशी उभी राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसातला ती पुन्हा त्याच्या शेजारी बसली, आणि मी फाटक लावलं. हे मी केलं. याला दुसरं कुणी जबाबदार नाही.

नोव्हेंबरात पट्टी पुन्हा सुरू झाली. पहिल्याच शुक्रवारी नवरा लहान मुलासारखा खूश. मी पोहे केले, वही घेतली. पहिली शर्यत थर्मासवाल्या काकांशी. हिरवा दिवा लागला, काका निघाले, अर्ध्या पट्टीपर्यंत पोचले असतील नसतील, असं मला वाटलं, तेव्हा आमची गाडी हलली. लोक हसले. काका परत आल्यावर तेही हसले. "मुहंदिस, सो गया था क्या? भाभी रात को सोने नहीं देता?"

नवराही हसला. पण चिठ्ठी घेऊन तो बॉनेटला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "काहीतरी गडबड आहे यार. गाडीचा आकडा तर बरोबर आहे. चौदा अठ्ठावीस. खांबात काहीतरी लोच्या आहे."

काकांनाही उत्साह आला. "भाभी को चलाने दो! फिर मालूम पडेगा, खांबा खराब है या मुहंदिस."

"चल," नवरा माझ्याकडे वळून म्हणाला. डोळे चमकत होते. "प्रयोग! तुझं वजन माझ्यापेक्षा तीस किलोने कमी. आकड्यात किती फरक पडतो बघू. बाकी काहीच बदलायचं नाही."

मी नाही म्हणायला हवं होतं. पण माझ्या मनात भलतंच आलं. मी एकोणपन्नास वर्षांची बाई, आयुष्यात कधी या दिव्यांखाली उभी राहिले नव्हते. माझाही जर सव्वा-दीड सेकंद आला, तर? तर खांबच खराब. तर हा आजार नाहीच. सात महिने मी उगीच मरत होते. देवाशपथ सांगते, त्या एका आशेवर मी हेल्मेट घातलं.

गाडी ऑटोमॅटिक होती, करायचं काहीच नव्हतं. डाव्या पायाने ब्रेक धरायचा, दिवा बघायचा, सोडायचा, उजवा पाय दाबायचा. मनात म्हणत होते, उशीर होऊ दे, उशीर होऊ दे. दिवे उतरत आले. पाय आपोआप सुटला. पाठ सीटला चिकटली, समोरचं काही नीट दिसेना, पट्टी संपली तेव्हा काटा दीडशेच्या पुढे होता आणि मी मोठमोठ्याने ओरडत होते. आनंदाने की भीतीने, देव जाणे.

मी परत येईपर्यंत नवऱ्याने धावत जाऊन खिडकीतून चिठ्ठी घेतली होती. धावत म्हणजे, त्याला जमेल तसं, पाय घासत. लांबूनच चिठ्ठी हवेत नाचवत आला. "चौदा एकवीस! सात शतांशांनी कमी! बघा, बघा, बायको बघा माझी!" काकांना दाखवली, पलीकडच्या दोन पोरांना दाखवली. काकांनी टाळ्या वाजवल्या, मला खजूर दिला. नवऱ्याने मला सगळ्यांसमोर खांद्याला धरून हलवलं. लग्नाला अठरा वर्षं झाली होती, चारचौघांत असं त्याने कधी केलं नव्हतं.

मग तो इंजिनीअर झाला. माझी चिठ्ठी आणि त्याची चिठ्ठी बॉनेटवर शेजारी शेजारी ठेवली, वर दोन बोटं दाबून, वाऱ्याने उडू नये म्हणून. "वजनाचा फरक सुरुवातीलाच दिसतो का शेवटी, बघू," असं पुटपुटत खालून वर एकेक ओळ वाचत गेला. बोट वर वर सरकत होतं. मला ते थांबवता आलं असतं. मी चिठ्ठी उचलून, चल, पोहे खाऊ, म्हणू शकले असते. मी उभी राहिले.

बोट पहिल्या ओळीवर आलं. माझी, शून्य पूर्णांक एकाहत्तर. त्याची, एक पूर्णांक त्रेचाळीस.

त्याने खांबाकडे बघितलं. खांब नीट होता. मग काचेवरच्या नंबराकडे बघितलं, दुपारी त्यानेच लिहिलेला, कोपऱ्यात, बोटाच्या पेरापेक्षा मोठा नसलेला. मग खिशातून पेन काढलं, आपली चिठ्ठी पालथी केली, आणि त्यावर सही केली. सावकाश, वळणं देऊन, चांगली मोठी करायचा प्रयत्न करत. पहिलं अक्षर मोठं आलं. शेवटपर्यंत जाईतो ती सही किड्यासारखी झाली.

"बाबांची," तो म्हणाला.

मी मान हलवली. हलवायला नको होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं की मला आत्ता कळलेलं नाही.

"कधीपासून?"

"एप्रिल. मी सांगणारच होते रे. मार्चपर्यंत फक्त..."

"बारावी," तो म्हणाला. चिडून नाही. त्यानेही त्या एकोणीस दिवसांच्या गोष्टीचं कौतुक केलं होतं. "हं. खरंय. नोकरी, व्हिसा. मी असतो तर मीही हेच..." आणि तो मधेच थांबला. चेहरा बदलत गेला, तो मी बघितला. "थांब. एप्रिलपासून?"

मी हातातलं हेल्मेट खाली ठेवलं.

"रोज सकाळी ती माझ्या शेजारी बसत होती."

"मी म्हटलं होतं, मी सोडते म्हणून..."

"एकदा. एकदा म्हणालीस." आवाज चढला नव्हता, पण ओठ पांढरे पडले होते. "आणि मी हसलो, आणि तू गप्प बसलीस. त्या बसच्या दिवशी पण तुला माहीत होतं? आणि दुसऱ्या दिवशी डबा देऊन पाठवलंस तिला माझ्याबरोबर?"

काका थर्मास घेऊन आमच्याकडे येत होते, आमचे चेहरे बघून परत फिरले.

"मला नाही सांगितलंस, ते मी समजून घेईन," नवरा म्हणाला. "पण पोरीला तू माझ्याबरोबर बसवलंस. आज चारशे मीटर दीडशेने गेलीस ना? शाळेपर्यंत नाही जाता आलं?"

मी गाडीची किल्ली घेतली.

परत येताना गाडी मी चालवली. तो पुढे बसला नाही. दोन दारांची गाडी, मागे जेमतेम पिशव्या ठेवण्याएवढी जागा. पुढची सीट वाकवून तो सहा फुटी माणूस गुडघे छातीशी घेऊन मागे बसला. दोन तास आरशात बघायचं मी टाळलं.

पुढचं थोडक्यात सांगते. शनिवारी त्याने कंपनीला सांगितलं, मला वाटलं होतं तसंच, सकाळी आठला. कंपनीने त्याचा साइटचा परवाना काढून घेतला आणि त्याला ऑफिसात प्लॅनिंगच्या कामावर बसवलं. पगार तोच. व्हिसा पुढे दोनदा रिन्यू झाला. औषधं लागू पडली. मुलगी बारावीला ब्याण्णव टक्के घेऊन पास झाली. मी ज्या ज्या गोष्टींना घाबरून सात महिने गप्प बसले, त्यातली एकही झाली नाही. मुलीला शाळेत मीच सोडायला लागले, आणि मला सकाळच्या ट्रॅफिकचं काहीच वाटलं नाही.

पण त्या शुक्रवारी संध्याकाळी घरी आल्यावर नवऱ्याने आधी मुलीला टेबलाशी बसवलं आणि तिला सगळं सांगितलं. आजाराचं नाव, आजोबांना तोच होता हे, आता काय काय होणार हे. दोन्ही चिठ्ठ्या तिच्यापुढे ठेवल्या. ती ऐकत होती. बसचं आठवलं असणार, कारण एकदम तोंडावर हात धरला. मग तिने माझ्याकडे बघितलं.

"मम्मा," ती म्हणाली, "डिड यू नो?"

"नाही गं," मी म्हटलं. "आजच कळलं."

नवरा माझ्या समोर बसला होता. त्याने चिठ्ठ्या उचलल्या आणि घडी घालून खिशात ठेवल्या.